दहा वेळा सांगितलेली गोष्ट: कापूसपट्ट्यातल्या एका पोक्सो प्रकरणाचा अभ्यास

पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा कायदा. या प्रकरणात बाल कल्याण समितीने मला आधार व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलीच्या सोबत राहणारी, म्हणून नेमलं होतं. कागदावर आधार व्यक्ती, पण ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सगळे ‘सपोर्ट पर्सन’च म्हणत. गाव, तालुका, नाती आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि कोणी कधी काय ठरवलं, ते मात्र जसं घडलं तसंच ठेवलं आहे. आरोपीला शिक्षा झाली. तरीही हे प्रकरण यशस्वी म्हणून मांडायला माझी जीभ रेटत नाही. कारण पुढे येईल.

पार्श्वभूमी

विदर्भातलं दोन-अडीचशे घरांचं गाव. काळी जमीन, कापूस आणि तूर. एसटी दिवसातून दोनदा. मुलगी दहा वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. बाप पुण्याकडे बांधकामावर, दिवाळीला येऊन जायचा. आई हंगामात वेचणीला, एरवी निंदण-खुरपणाला. घरात म्हातारी आजी.

आरोपी पन्नाशी ओलांडलेला किराणा दुकानदार, यांच्या घरापासून तिसरं घर. सप्ताहाची वर्गणी गोळा करणारा, मयतीला पहिला धावणारा, लहानथोरांचा ‘काका’. गावातल्या निम्म्या घरांचं खातं त्याच्याकडे. कापसाचा किंवा मजुरीचा पैसा आला की खातं चुकतं व्हायचं, तोवर वहीत लिहिलं जायचं. या घराची उधारी तेव्हा चार हजारांच्या वर होती. तिन्हीसांजेला तेल, चहापत्ती आणायला मुलगीच जायची, कारण आई शेतातून यायची त्यानंतर.

प्रश्न कसा पुढे आला

2022 ची दिवाळी होऊन शाळा सुरू झाली होती. मुलगी रोज उशिरा यायला लागली आणि चपला चिखलाने भरलेल्या असायच्या. शाळेचा सरळ रस्ता सिमेंटचा, पांदण म्हणजे शेतांमधली कच्ची वाट. चौथीच्या मॅडमनी दोन दिवस रागावून पाहिलं. तिसऱ्या दिवशी रागावण्याऐवजी विचारलं, “तू पांदणीनं काहून येतं गं?” मॅडम मूळच्या इकडच्याच, म्हणून प्रश्नही तिच्याच भाषेत आला. मुलगी म्हणाली, “दुकान लागते ना मधात.” मग मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा असताना, तिने सगळं सांगितलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, पोत्यांपाशी, तो नको तसा हात लावायचा आणि घरी सांगितलं तर खातं बंद करीन म्हणायचा.

हे पहिल्यांदा सांगणं. मॅडमनी एकच गोष्ट केली आणि पुढे तीच कामाला आली. मुलीचे शब्द त्यांनी त्याच दिवशी, तारीख टाकून, स्वतःच्या टाचणवहीत उतरवून ठेवले. तिच्याच बोलीत. ‘अश्लील वर्तन केले’ असं शुद्ध करून नाही.

दुसऱ्यांदा तिला मुख्याध्यापकांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. “मले नीट समजू दे, मग गटशिक्षणाधिकाऱ्यायले पत्र देतो.” त्यांनी आपल्या अंदाजाने एक टिपण केलं आणि त्यात लिहिलं, ‘असे दोनदा घडले’. हा शब्द लक्षात ठेवा.

तिसऱ्यांदा संध्याकाळी आईला. चौथ्यांदा त्याच रात्री, घरी जमलेल्या पोलीस पाटलांना आणि भावकीतल्या दोन वडीलधाऱ्यांना. दहा वर्षांची मुलगी, समोर खाटेवर तीन पुरुष आणि दारात गर्दी. ती बोललीच नाही, आजीने तिच्या वतीने सांगितलं आणि तिने मान हलवली. मी याला सांगणंच धरते.

समोरचे पर्याय

त्या रात्री घरात तीन गोष्टींवर बोलणं झालं. पहिली, गप्प बसायचं आणि मुलीला मामाच्या गावी धाडायचं. दुसरी, आपसात मिटवायचं. तो माफी मागेल, उधारी सोडेल, विषय संपला. तिसरी, तक्रार.

आईने मला नंतर सांगितलं ते असं: “ताई, मले राग तर असा आला का दुकान जाळून टाकावं. पण दुसऱ्या दिवशी पीठमीठ कोन देईन, हे बी डोक्यात आलं. दोन्ही एकाच टायमाले आलं.” शहरातल्या प्रशिक्षणांत आपण ‘लोकलाज’ हा शब्द फार वापरतो. या घरात लाजेआधी खातं आलं होतं.

मिटवण्याचा पर्याय गावाला सर्वात सोपा वाटतो आणि कायद्यात तोच पर्याय नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. त्याला वरिष्ठांची परवानगी लागत नाही, घरच्यांची संमतीही लागत नाही. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गंमत अशी की याच्या थोडंच आधी, 2 नोव्हेंबर 2022 ला, सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल आला तो आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातला. राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहीत असून कळवलं नाही, असा आरोप होता. त्याच्यावरचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं. राजुऱ्याहून फार लांब नसलेल्या आमच्या या शाळेत मात्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहायचं चाललं होतं.

मॅडम थांबल्या नाहीत. रात्री साडेनऊला, भाड्याच्या खोलीतून, त्यांनी 1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पुढचं सगळं त्या फोनमुळे घडलं.

काय केलं

सकाळी ठाणेदारांनी महिला उपनिरीक्षकांना साध्या कपड्यांत घरी पाठवलं. कलम 24 तेच सांगतं, की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा आणि अधिकाऱ्याच्या अंगावर वर्दी नसावी. पण घरासमोर लोक गोळा झाले होते. मुलीने स्वतः मॅडमच्या खोलीवर जायचं म्हटलं आणि तिथे जबाब झाला. पाचवं सांगणं. हे जरुरीचं होतं आणि नीट झालं.

सहावं दवाखान्यात. इथे आमचं चुकलं. ग्रामीण रुग्णालयात त्या संध्याकाळी महिला डॉक्टर नव्हत्या, मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. म्हणून पोलिसांच्या गाडीने साठ किलोमीटरवर जिल्ह्याला नेलं, परत यायला रात्रीचे दोन वाजले. शेवटची घटना होऊन आठवडा उलटला होता आणि प्रकार स्पर्शाचा होता. अशा प्रकरणात शरीरावर काही सापडेल याची शक्यता जवळपास नसते, आणि काही सापडलं नाही म्हणून घडलंच नाही असंही होत नाही. सकाळी नेलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ‘लगेच’ म्हणजे ‘आत्ता’ असा सगळ्यांचा समज, आणि मलाही त्या घटकेला वेगळं सुचलं नाही.

आरोपीला दुसऱ्या दिवशी अटक झाली. चोवीस तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवलं गेलं. समितीपुढे सातवं सांगणं. खरं तर समितीला गुन्ह्याचा तपशील नको असतो, मूल घरी सुरक्षित आहे का एवढंच पाहायचं असतं. एका सदस्यांनी आपुलकीने विचारलं, “काय झालं बेटा?” आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. तिला वाटलं, इथेही सांगावंच लागतं. मी मधे बोलायला हवं होतं. पहिलाच आठवडा होता, मी गप्प राहिले.

समितीपुढचा खरा निर्णय होता मुलगी कुठे राहणार. आरोपीचं घर तिसरं, त्याची माणसं रोज दारावरून जाणार. बालगृहात ठेवावं असं माझं पहिलं मत होतं आणि मी ते लिहूनही दिलं. आईने एकाच वाक्यात ते मोडून काढलं: “गुन्हा त्याचा आन घर माह्या पोरीनं सोडाचं?” शेवटी मावशीच्या गावी, आईसोबत, तीन आठवडे असं ठरलं. तो आतमध्ये आहे याची खात्री पटल्यावर दोघी परतल्या. मुलगी त्याच शाळेत, त्याच वर्गात बसली. पांदणीने नाही, सिमेंटच्या रस्त्याने आली, हे मॅडमनी मला फोन करून मुद्दाम सांगितलं.

आठवं सांगणं न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 164 खाली. 1 जुलै 2024 पासून हेच काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली होतं.

आता वहीबद्दल. तपास अधिकाऱ्यांनी पंचनाम्यात दुकानाची उधारीची वही जप्त केली होती. तिचा काय उपयोग होणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. आरोपीचं म्हणणं होतं की ही मुलगी एकटी दुकानात कधी यायचीच नाही, आई किंवा आजी यायची. वहीत मात्र माल कोणाच्या हातून गेला ते लिहायची त्याची जुनी सवय होती. ‘तेल पाव, चहापत्ती, ह. पोरगी.’ ह. म्हणजे हस्ते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानांवर असं अकरा ठिकाणी. सगळं त्याच्याच अक्षरात.

जामीन आणि दबाव

आरोपपत्र दुसऱ्या महिन्यात गेलं. जानेवारीत जामीन अर्ज आला. अशा अर्जात पीडित मुलाच्या बाजूला कळवून त्यांचं ऐकायला हवं, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. नोटीस आली, पण आदल्या दिवशी दुपारी. सकाळच्या एसटीने पोचलं तरी उशीर, आणि वेचणीचा दिवस बुडणार. कोणी गेलं नाही. गावात न येण्याच्या अटीवर जामीन झाला. तो दुसऱ्या तालुक्यात लेकीकडे राहिला, दुकान मुलगा चालवू लागला.

दबाव आरोपीच्या मुलाकरवी नाही आला, मुलीच्या बापाकरवी आला. भावकीतल्या कोणीतरी पुण्याला फोन केले. बाप होळीला आला तो ठरवूनच: “मिटवून टाका. उद्या पोरीचं लगन कराचं हाय.” नवरा-बायकोचं दोन दिवस बोलणं बंद होतं. चुलता, जो साक्षीदार होता, त्याच काळात तिकडे सरकला आणि पुढे न्यायालयात फितूर झाला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता, पण आळी आणि बापाचं काम सांगून, एक मेसेज फिरला. ठाणेदारांनी ॲडमिनला बोलावून तंबी दिली, तेव्हा तो काढला गेला. पाहायचं त्यांनी तोवर पाहिलं होतं.

याच सुमारास बचाव काय असणार हे दिसू लागलं: ‘उधारी बुडवायसाठी खोटी तक्रार.’ आईच्या बचत गटातल्या बायकांनी यावर स्वतःच तोड काढली. गटातून कर्ज काढून आईने सगळी उधारी चुकती केली, गटाच्या अध्यक्षांसमोर. वही जप्त असल्यामुळे आरोपीच्या मुलाची सही साध्या कागदावर घेतली. मला हे नंतर कळलं आणि बरंच झालं. पुराव्याच्या बाबतीत आधार व्यक्तीने सल्ला द्यायचा नसतो. आधी विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, याची मला आजही खात्री नाही.

न्यायालयात

कलम 35 म्हणतं, न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण. आमच्याकडे साक्षीलाच नोव्हेंबर 2023 उजाडला. त्याआधी दोन फेऱ्या फुकट गेल्या. एकदा आरोपीचे वकील आले नाहीत, एकदा न्यायालय दुसऱ्या प्रकरणात अडकलं. दोन्ही वेळा मुलगी पहाटे चारला उठली, डबा घेऊन निघाली, दुपारभर बाकावर बसली. प्रवासखर्चासाठी 2020 च्या नियमांतल्या विशेष साहाय्याचा अर्ज मी दुसऱ्या फेरीनंतर केला. तो पहिल्या महिन्यातच करता आला असता.

सरकारी वकिलांनी साक्षीआधी तिला स्वतःचा जबाब वाचून दाखवला, तेव्हा ती मधेच थांबवून दुरुस्त करत सांगत गेली. नववं. दहावं प्रत्यक्ष साक्षीत.

सुनावणी बंद दालनात, मधे पडदा, आरोपी पडद्यापलीकडे. प्रश्न वकिलांनी न्यायाधीशांना द्यायचे आणि मुलीला ते न्यायाधीशांनीच विचारायचे, ही पोक्सोची पद्धत या न्यायाधीशांनी मनापासून पाळली. “किती वाजता?” या प्रश्नाला ती अडली. तिला घड्याळ कळत होतं, पण त्या वेळी तिने ते पाहिलं नव्हतं. न्यायाधीशांनी प्रश्न फिरवला, “तेव्हा गावात काय चाललं होतं?” ती म्हणाली, “ढोरं घरी येऊन राह्यली होती.” तसंच नोंदवलं गेलं.

उलटतपासणीचा सगळा भर दोनदा की तीनदा यावर. मुख्याध्यापकांच्या टिपणात दोनदा, पोलीस जबाबात तीनदा, दंडाधिकाऱ्यांपुढे तीन-चारदा. कोणतं खरं? मुलगी गोंधळली, रडली, न्यायाधीशांनी सुट्टी दिली. परत आल्यावर तिने सांगितलं, “सरायनं इचारलं का दोनदा झालं का, मी हो म्हणलं. मोजाले नाही लावलं त्यायनं.” ज्या सांगण्याची गरजच नव्हती, ते सांगणं बचावाच्या हातातलं सर्वात धारदार हत्यार झालं होतं.

दुसरा मुद्दा कपड्यावरून झालेल्या स्पर्शाचा. जानेवारी 2021 मध्ये नागपूर खंडपीठाने थेट त्वचेला स्पर्श नसेल तर पोक्सोतला लैंगिक हल्ला ठरत नाही असा निकाल दिला होता आणि तो गावोगावच्या वकिलांच्या तोंडी बसला आहे. 18 नोव्हेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. स्पर्शामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, कातडी नव्हे, असं सांगितलं. सरकारी वकिलांनी निकालाची प्रत पुढे केली आणि तो मुद्दा तिथेच संपला.

वयावरही थोडा वाद झाला. शाळेच्या दाखल्यात आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत सात महिन्यांचा फरक, जो इकडे घरोघरी सापडतो. दोन्ही तारखांनी ती बाराच्या आतच होती.

निकाल आणि त्यानंतर

जुलै 2024 मध्ये दोषसिद्धी झाली. मूल बारा वर्षांखालचं आणि प्रकार एकापेक्षा जास्त वेळा, म्हणून कलम 9 खाली गंभीर लैंगिक हल्ला, आणि कलम 10 प्रमाणे पाच वर्षं सक्तमजुरी व दंड. पाच हे त्या कलमातलं किमान, कमाल सात. न्यायालयाने तीन गोष्टींवर विसंबून निकाल दिला: मुलीची साक्ष, मॅडमची टाचणवही आणि उधारीची वही. मुख्याध्यापकांचं टिपण हे मुलीचे शब्द नव्हेत, तो त्यांच्या प्रश्नाचा अंदाज आहे, असं निकालात म्हटलं आहे. चुलता फितूर झाल्याने काही बिघडलं नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत नुकसानभरपाईचाही आदेश झाला. अंतरिम भरपाई गुन्हा नोंदल्यानंतर केव्हाही मागता येते, आम्ही ती मागितलीच नाही. ज्या वर्षात गटाचं कर्ज फिटत होतं आणि आईचे वेचणीचे दिवस न्यायालयात बुडत होते, त्याच वर्षात तो पैसा हवा होता.

मॅडमनी बदली मागितली आणि मिळाली. ‘बाईनं गावाचं नाव खराब केलं’ हे वाक्य त्यांच्या कानावर दीड वर्ष पडत होतं. मुख्याध्यापक त्याच शाळेत आहेत. आता त्यांच्या टेबलाच्या काचेखाली 1098 आणि 112 लिहिलेला कागद आहे. मुलगी तालुक्याच्या शाळेत जाते. किराणा तीन किलोमीटरवरच्या गावातून, रोखीने येतो. बाप पुण्यालाच असतो, पण निकालाच्या दिवशी तो आला होता आणि न्यायालयाबाहेर मुलीला उसाचा रस पाजताना मी त्याला पाहिलं.

काय वेगळं करता आलं असतं

दहापैकी माझ्या हिशेबाने पाच सांगणी टाळता आली असती: मुख्याध्यापकांपुढचं, भावकीपुढचं, समितीपुढचं, दवाखान्यातलं बरंचसं आणि जबाब वाचताना झालेलं. दवाखान्यात जबाबाची प्रत सोबत गेली असती तर डॉक्टरांना दोनच प्रश्न पुरले असते. समितीपुढे ‘तपशील विचारू नये’ असं मी आधीच लिहून द्यायला हवं होतं. आता प्रत्येक प्रकरणात देते. एका सदस्यांना ते आवडत नाही.

शाळेत ज्याला मूल पहिल्यांदा सांगतं त्यानेच ऐकावं, त्याच दिवशी तिच्याच शब्दांत लिहावं, ‘किती वेळा’ हे सुचवू नये आणि थेट कळवावं. मुख्याध्यापकांना ‘मुलीने मला सांगितलं, मी कळवते आहे’ एवढं पुरे. खात्री करून घेण्याचं काम शाळेचं नाहीच, ते तपासाचं आहे. शाळांमधल्या सखी सावित्री समितीच्या बैठकीत मी हेच सांगते, तेव्हा हटकून प्रश्न येतो, “खोटं निघालं तर?” कायद्यात त्याचंही उत्तर आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

जामिनाच्या दिवशी मी स्वतः जायला हवं होतं. आईचा वेचणीचा दिवस बुडाला असता, माझा बुडत नव्हता.

आणि बाप. पहिल्या महिन्यात आम्ही सगळे आईशीच बोललो, कारण ती समोर होती. त्याच्याशी पहिल्यांदा कोण बोललं? भावकी.

मागच्या महिन्यात अपिलाची नोटीस आली, नागपूर खंडपीठात. मी घरी गेले होते. मुलीने विचारलं, “ताई, मले आता नागपूरले सांगा लागन काय?” मी म्हटलं, सहसा नाही, तिथे जुनेच कागद वाचतात. ती थोडा वेळ थांबून म्हणाली, “सहसा म्हंजे?”